एकाच पॅनेलमधून वीज आणि गरम पाणी : संकरित सौरयंत्रणा आणि थर्मोइलेक्ट्रिक चकत्यांचा हिशेब जमतो का?

गच्चीकर

नमस्कार. आमची पुण्यातली २० सदनिकांची पाच मजली गृहनिर्माण संस्था आहे. बांधकाम परवानगीच्या अटीनुसार बिल्डरने गच्चीवर इव्हॅक्युएटेड ट्यूबचे, म्हणजे निर्वात काचनळ्यांचे, २,००० लिटर क्षमतेचे सोलर वॉटर हीटर बसवून दिले होते. त्यातल्या बऱ्याच ट्यूब आता फुटल्या आहेत किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी भरल्या आहेत. त्यातच लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचे सामायिक बिल कमी करण्यासाठी सौरवीज घ्यावी असा ठराव सर्वसाधारण सभेत संमत झाला. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे सभासदांचा उत्साह आहे. अडचण जागेची आहे. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळल्या, तर वीज आणि गरम पाणी या दोन्हींना पुरेल इतकी गच्ची उरत नाही.

एका पुरवठादाराने यावर संकरित पॅनेलचा, म्हणजे पीव्हीटीचा, प्रस्ताव दिला आहे. पुढे नेहमीचे सिलिकॉन सेल, मागे तांब्याच्या नळ्यांमधून फिरणारे पाणी आणि त्या दोहोंच्या मध्ये थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून वीज देणाऱ्या, चकत्या अशी रचना आहे. पाण्यामुळे सेल थंड राहून वीज वाढेल, पाणी ५० अंशांना मिळेल आणि चकत्यांमुळे आणखी थोडी वीज निर्माण होईल, असे त्याचे म्हणणे आहे. या सगळ्याची बेरीज करून त्याने '८० टक्के कार्यक्षमता' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. ही बेरीज कितपत खरी धरावी, आणि आमच्यासारख्या संस्थेने या वाटेला जावे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

ऊष्मा

चांगला आणि वेळेवर निघालेला धागा.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात कार्ल ब्योर यांच्या पुढाकाराने १९७३ साली 'सोलर वन' नावाचे घर उभारले गेले. त्याच्या छतावरून वीजही मिळे आणि छताखालून फिरणारी गरम हवाही वापरता येई. १९७६ मध्ये मार्टिन वुल्फ यांनी घरासाठी वीज आणि उष्णता एकत्र मिळवण्याचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामागचा विचार आजही तितकाच बिनतोड आहे. आजचे चांगले पॅनेल पडलेल्या उन्हातला २० ते २२ टक्के भाग विजेत बदलते, थोडा भाग परावर्तित होतो आणि बाकीच्याची उष्णता होते. ती उष्णता वाया तर जातेच, शिवाय सेल तापवून वीजही घटवते. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची वीज २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते. मग ती उष्णता काढून का घेऊ नये?

अडचण पुढच्या पायरीवर येते. उष्णता पॅनेलकडून पाण्याकडे जायची, तर सेलचे तापमान पाण्यापेक्षा काही अंशांनी अधिक असावेच लागते. तुम्हाला टाकीत ५० अंशांचे पाणी हवे असेल, तर शेवटच्या टप्प्यात सेल ५५ अंशांच्या आसपास असणार. आता पुण्यातली हिवाळ्यातली दुपार घ्या. हवा २८ अंश आणि ऊन चौरस मीटरला ८०० वॅट आहे. अशा वेळी पाठ मोकळी असलेले साधे पॅनेल हवेपेक्षा सुमारे २५ अंशांनी अधिक, म्हणजे ५३ अंशांपर्यंत तापते. पाणी ५० अंशांना न्यायचे आणि सेलही थंड ठेवायचे, ही दोन्ही आश्वासने एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि पुरवठादाराच्या कागदावर ती शेजारी शेजारी लिहिलेली असतात.

वर वेगळी काच नसलेल्या पीव्हीटीचा दुसरा दोष म्हणजे हवेत निसटणारी उष्णता. ही हानी पॅनेल आणि हवा यांच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला १२ वॅट धरू. पाणी हवेइतकेच गार असताना ८०० वॅटपैकी ४०० वॅट पाण्यात उतरतात असे मानले, तर ते ५० अंशांना पोचेपर्यंत २२ अंशांचा फरक पडतो, २६४ वॅट हवेत जातात आणि हाती १३६ वॅट उरतात. जोराचा वारा असेल तर त्याहूनही कमी. ८० टक्के हा आकडा गार पाण्याचा आहे. तुम्हाला हव्या असलेल्या पाण्याचा आकडा वेगळाच निघेल.

वर्धेकर

ऊष्मा यांचा मुद्दा पटला, पण आमच्याकडचा उन्हाळा विचारात घेतल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. मे महिन्यात वर्ध्याला हवाच ४२ ते ४५ अंश असते. चौरस मीटरला १,००० वॅट ऊन धरले तर सेल ७३ अंशांच्या पुढे जातात आणि त्या क्षणी पॅनेलवर छापलेल्या क्षमतेपेक्षा वीज १६-१७ टक्क्यांनी कमी निघते. अशा वेळी ३०-३५ अंशांचे पाणी मागून फिरवले तर वीज निश्चित वाढेल. मात्र त्या दिवसांत गरम पाणी घरात कोणालाच नको असते, उलट गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. म्हणजे उष्णता काढून घेण्याची सर्वांत जास्त गरज ज्या महिन्यांत, त्याच महिन्यांत तिला गिऱ्हाईक नाही. ज्यांच्याकडे विहीर आणि ठिबक आहे, त्यांना शेताकडे जाणारे पाणीच पॅनेलमागून फिरवता येईल. शहरातल्या संस्थेला ती सोय नाही.

पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी उंच ठेवली, तरी तापमान बरेच उतरते. त्याला ना पंप लागतो ना तांबे.

चिकित्सक

थर्मोइलेक्ट्रिक चकत्यांविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण या विषयात विक्रीपत्रके फार सैल लिहिलेली असतात.

दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की विद्युतदाब निर्माण होतो, हे थोमास झेबेक यांच्या १८२१ मधल्या प्रयोगांतून पुढे आले. आज बाजारात मिळणारी चकती म्हणजे ४० मिलिमीटरचा चौकोन असतो. दोन्ही बाजूंना पांढरे सिरॅमिक, कडेला लाल आणि काळी तार, आणि आत बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक खांबांच्या बहुधा १२७ जोड्या. या पदार्थाची गुणवत्ता 'झेडटी' या आकड्याने मोजतात आणि साध्या तापमानाला तो १ च्या आसपास असतो.

आता गरम बाजू ७० अंश आणि गार बाजू ३० अंश धरा. कार्नो यांच्या नियमानुसार कोणत्याही उष्णतायंत्राला या फरकातून मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता ११.७ टक्के आहे. झेडटी १ असलेली चकती त्यातला जेमतेम १८ टक्के भाग मिळवते, म्हणजे एकूण २.१ टक्के. चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन पडून २०० वॅट वीज झाली आणि उरलेले सर्व ८०० वॅट चकत्यांतून गेले असे फार उदार होऊन मानले, तर मिळणारी जादा वीज १७ वॅट. पण गार बाजू ३० अंशांनाच असताना मध्ये ४० अंशांचा फरक टिकवायचा म्हणजे सेल ४० अंशांनी अधिक तापू द्यायचे. दर अंशाला ०.३५ टक्क्याने सिलिकॉनची वीज २८ वॅटने घटते. १७ वॅट मिळवण्यासाठी २८ वॅट गमावायचे, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल की सेल तापू न देता चकत्या दाटीवाटीने लावू. एक चौरस मीटर झाकायला ६२५ चकत्या लागतील. प्रत्येकीतून सव्वा वॅटच्या आसपास उष्णता जाईल आणि अशा चकतीचा उष्णतेला होणारा विरोध दर वॅटला साधारण २ अंश असल्याने दोन बाजूंत जेमतेम अडीच अंशांचा फरक पडेल. त्यातून ६२५ चकत्यांची मिळून वीज निघेल सुमारे १ वॅट. तुमच्या पुरवठादाराला चौरस मीटरमागे किती चकत्या बसवल्या आहेत, एवढा एकच प्रश्न विचारा.

कणाद_२१

चिकित्सक यांचा हिशेब बरोबर असला तरी निष्कर्ष फार निराशेचा वाटतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी सपाट सौर थर्मोइलेक्ट्रिक जनित्रातून ४.६ टक्के कार्यक्षमता मिळवून दाखवली आणि २०१६ मध्ये ऊन एकवटून ती ७.४ टक्क्यांपर्यंत नेली. स्टॅनफर्डमध्ये तर २०२२ मध्ये सौरपॅनेलला थर्मोइलेक्ट्रिक चकती जोडून रात्री वीज मिळवली. निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा गार होते, त्या फरकावर ती चालते. संशोधन एवढ्या वेगाने पुढे जात असताना दार लावून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

चिकित्सक

दार लावण्याचा माझा हेतू नाही. उलट या क्षेत्राबद्दल मला फार आस्था आहे, म्हणूनच ते चुकीच्या जागी विकले जाऊ नये असे वाटते.

आपण दिलेल्या पहिल्या दोन्ही उदाहरणांत सौरसेल नव्हताच. तिथे हवा काढून घेतलेल्या काचेच्या आवरणात काळा शोषक पत्रा ठेवून, मोठ्या पत्र्याची उष्णता मोजक्या खांबांतून नेली होती, त्यामुळे गरम बाजू पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर जाऊ शकली. तापू नये अशी कोणतीही वस्तू त्या रचनेत नव्हती, हे तिच्या यशाचे मर्म आहे. मारिया टेल्केस यांनी १९५४ मध्ये अशाच सपाट जनित्रातून ०.६३ टक्के आणि ५० पट ऊन एकवटून ३.३५ टक्के मिळवले होते. योगायोग असा की त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्क्यांचा सिलिकॉन सेल जगापुढे ठेवला आणि पुढची शर्यत तिथेच ठरली.

स्टॅनफर्डच्या प्रयोगात रात्री चौरस मीटरमागे ५० मिलिवॅट मिळाले. दुर्गम जागी एखादा संवेदक चालवायला ते मोलाचे आहेत, लिफ्ट चालवायला नाहीत. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने प्लुटोनियमच्या उष्णतेवर थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीनेच चालतात, कारण तिथे ऊन नाही, दुरुस्तीला जाता येत नाही आणि गरम बाजू फार तप्त आहे.

नेहमीच्या स्फटिकी सिलिकॉनऐवजी अमॉर्फस, म्हणजे अस्फटिकी, सिलिकॉनचे पॅनेल घेतले तर गणित उलटते हेही सांगायला हवे. त्याची वीज अंशाला ०.२ टक्केच घटते. ८ टक्के कार्यक्षमतेच्या अशा पॅनेलमध्ये ४० अंशांनी ६.४ वॅट जातील आणि १७ वॅट मिळतील. जोडी जमली खरी, पण बेरीज ९० वॅटची, आणि गच्चीच्या त्याच चौरस मीटरवर साधे स्फटिकी पॅनेल २०० वॅट देते.

नेकारतीर

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इकडे पीव्हीटीचा जो उपयोग होताना दिसतो, त्याचा उल्लेख वर आलेला नाही, म्हणून लिहिते.

इथे बरेच पुरवठादार पीव्हीटीतून थेट गरम पाणी काढण्याचा आग्रह धरत नाहीत. पॅनेलच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि नळ्यांमधून न गोठणारे द्रावण फिरते. ते द्रावण हीट पंपाकडे, म्हणजे थोडी वीज वापरून गार जागेतली उष्णता गरम जागी नेणाऱ्या यंत्राकडे, जाते आणि तिथून परतताना हवेपेक्षाही गार असते. त्यामुळे ढगाळ दिवशी आणि रात्रीसुद्धा पॅनेल बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घेते. ऊष्मा यांनी सांगितलेली हवेत निसटणारी उष्णता इथे उलट्या दिशेने वाहते आणि दोषाचा गुण होतो. सेलही खरोखर गार राहतात. हीट पंपाचा मोठा पंखा दाराशी घोंघावत नाही, आणि दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट असते. काही ठिकाणी जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत ही उष्णता साठवतात आणि हिवाळ्यात त्या पाण्याचा बर्फ होऊ देतात. एक घनमीटर पाणी गोठताना सुमारे ९३ युनिट उष्णता सोडते.

पण हे सगळे घरे तापवण्यासाठी आहे. पुण्यात हिवाळ्याच्या दिवसाही हवा २८ अंश असताना हीट पंपाला पॅनेलची उष्णता आणून देण्याची काही गरज नाही, साधी हवाच त्याला पुरते. इकडची पत्रके पाहून तिकडे निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उगवतीकर

वाचतो आहे. नेकारतीर ताई, हा मुद्दा फार उपयोगी आहे. धागा माझ्या निवडक दहा धाग्यांत ठेवला आहे.

तासगावकर

पाण्याचे सोडा, हवेचे कोणी बोलत नाही. आमच्याकडे तासगाव, कवठेमहांकाळ भागात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम असतो. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकच्या जाळ्यांवर पसरतात. वर छप्पर आणि बाजूने मोकळा वारा असतो, कारण थेट उन्हात हिरवा रंग टिकत नाही. सारे सुरळीत असले तर दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. मध्येच अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली की मणी काळवंडतात आणि दर पडतो. अशा वेळी ४५ अंशांची कोरडी हवा शेडमध्ये सोडता आली तर शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट वाचतील. शेडच्या छपरावर पॅनेल लावायची, त्यांच्यामागची हवा पंख्याने ओढून रॅकखालून सोडायची आणि पंखा त्याच पॅनेलच्या विजेवर चालवायचा, यात काय वावगे आहे? उरलेले नऊ महिने वीज आहेच.

ऊष्मा

तासगावकर, वावगे काहीच नाही. या सगळ्या चर्चेत संकरित पॅनेलला खरोखर शोभेल असे काम तुम्हीच सांगितलेत. दिल्ली आयआयटीत प्रा. जी. एन. तिवारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हवेवर चालणाऱ्या पीव्हीटीवर आणि त्यावर आधारित वाळवणयंत्रांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. वाळवणाला ४० ते ५० अंशांचीच हवा लागते, ती दिवसाच लागते, आणि साठवणीच्या टाकीचा प्रश्नच येत नाही. गळती झाली तरी हवाच गळते, त्यामुळे छत ओले होत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हवा फार थोडी उष्णता वाहून नेते, म्हणून पॅनेलमागची पोकळी, पंखा आणि हवेचा वेग यांची नीट आखणी करावी लागते, नाहीतर मिळवलेली वीज पंख्यातच जाते. दुसरे म्हणजे, अवकाळी पावसाच्या दिवशी ढग असतात, म्हणजे जेव्हा उष्णतेची निकड सर्वांत जास्त तेव्हाच ऊन कमी. ढगाळ दिवशी ४५ अंश मिळणार नाहीत. पण पोकळीतून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंशांनी जरी उबदार झाली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता बरीच उतरते आणि ओलावा ओढून घेण्याची क्षमता वाढते. मुसळधार दिवशी मात्र दुसरी उष्णता लागेलच. हळदीच्या वाळवणालाही हेच लागू पडेल.

तांबट

वर सगळे काच नसलेल्या पॅनेलविषयी बोलत आहेत. नेहमीच्या फ्लॅट प्लेट हीटरप्रमाणे वर दुसरी काच आणि मागे इन्सुलेशन दिले, तर उष्णतेची हानी निम्म्याहून कमी होते आणि ५०-५५ अंश सहज मिळतात. मी सोलर हीटरच्या कामात आहे. गच्चीकरांनी काचेचे मॉडेल मागावे.

ऊष्मा

तांबट, काचेने उष्णता वाढते हे खरे, पण पुढचा प्रश्न तुम्ही रोज हाताळता तोच आहे. संस्थेतले लोक सुटीला गावी गेले, पंप बंद पडला किंवा टाकी आधीच तापलेली असली, की पाणी फिरायचे थांबते. तुमच्या फ्लॅट प्लेटमध्ये नुसते तांबे असते, ते सोसते. इथे तांब्यावर सेल आहेत आणि ते ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बसवलेले आहेत. काचेखाली पाणी थांबले की तापमान १०० अंशांच्या वर जाते. असे वारंवार झाले की ईव्हीए पिवळा पडतो, त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते, सेलच्या जोडण्या गंजतात आणि थर सुटू लागतात. वीज देणाऱ्या पॅनेलकडून २५ वर्षांची अपेक्षा असते. शिवाय वरच्या काचेमुळे परावर्तन वाढून वीज पहिल्या दिवसापासून काही टक्क्यांनी घटते, ती वेगळीच.

तांबट

पाणी थांबण्याचा मुद्दा मान्य. ड्रेनबॅक पद्धत, म्हणजे पंप थांबला की पॅनेल रिकामे होणे, यामुळे नळ्यांतले पाणी उकळत नाही, पण सेल तापायचे थांबत नाहीत. क्षारांच्या पाण्यासाठी तर मी मधे हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी एकमेकांत न मिसळता उष्णता देणारे साधन, टाकल्याशिवाय कोणालाच पीव्हीटी देणार नाही. ट्यूब फुटली तर बदलता येते. पॅनेलच्या पाठीची नळी क्षारांनी बुजली तर ॲसिड फिरवून साफ करावी लागते, आणि तेवढ्याने उघडली नाही तर वीज देणारे चांगले पॅनेलच बदलायची वेळ येते.

लातूरचा

उष्णतेचे नाव निघाले म्हणून आपल्या राज्यातली दोन ठिकाणे सांगतो. शिर्डीच्या साईसंस्थानात २००९ पासून ७३ शेफलर तबकड्यांच्या वाफेवर प्रसादालयाचा स्वयंपाक होत आला आहे, आणि आमच्या लातूरला महानंदच्या दुग्धशाळेत मुंबई आयआयटीच्या शिरीष केदारे यांनी विकसित केलेली १६० चौरस मीटरची 'अरुण' तबकडी दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसवली गेली. दोन्हीकडे आरशांनी ऊन एकवटून १०० अंशांच्या पुढची उष्णता मिळवली आहे आणि विजेचा हव्यास धरलेला नाही.

एकवटलेल्या उन्हात दोन्ही मिळवण्याची वाटही आहे. सिलिकॉनला सुमारे १,१०० नॅनोमीटरच्या पुढचे किरण वापरताच येत नाहीत, आणि उन्हातली जवळजवळ पाचवा हिस्सा ऊर्जा त्या किरणांत असते. विशिष्ट लेप असलेल्या आरशाने किंवा द्रवाच्या गाळणीने तेवढेच किरण उष्णताशोषकाकडे वळवले, तर सेल थंड राहून शोषक हवा तितका तापू शकतो. ऊष्मा यांनी सांगितलेला पेच तिथे सुटतो, आणि चिकित्सक यांच्या चकत्यांनाही मानाची जागा मिळू शकेल. मला या संशोधनाकडून फार आशा आहे. पण त्याला सूर्यामागे फिरणारी यंत्रणा आणि स्वच्छ थेट ऊन लागते, ते पाच मजली इमारतीच्या गच्चीवरचे काम नाही.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे परत येतो. गच्चीकरांची खरी अडचण चौरस मीटरची आहे, म्हणून त्याच मापाने पाहू.

२,००० लिटर पाणी २२ वरून ५० अंशांवर नेण्यासाठी ६५ युनिट उष्णता लागते. दिलेल्या विजेच्या साडेतीनपट उष्णता देणारा हीट पंप घेतला तर त्याला १८ ते १९ युनिट वीज पुरेल. महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल सरासरी दिवसाला ४ युनिट देते, म्हणजे या कामासाठी साडेचार ते पाच किलोवॅट पॅनेल राखून ठेवावी लागतील. पॅनेलचे नुसते क्षेत्रफळ २५ चौरस मीटरच्या आत, आणि चालायला वाट सोडून ४० च्या आसपास. २,००० लिटरच्या सोलर हीटरलाही साधारण तेवढीच जागा लागते. फरक असा की उन्हाळ्यात गरम पाणी नको असते तेव्हा हीटर नुसता तापत राहतो, आणि पॅनेलची वीज मात्र नेट मीटरिंगमधून, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज बिलात वळती होऊन, जमा होते. जागा वाचवणे हा पीव्हीटीचा सर्वांत मोठा युक्तिवाद होता. स्वस्त झालेली पॅनेल आणि हीट पंप यांच्या जोडीने तोच काढून घेतला आहे.

वर्धेकर

हिशेबनीस, थोडा मतभेद आहे. हीट पंप म्हणजे कॉम्प्रेसर, वायू, पंखा आणि इलेक्ट्रॉनिक्स. ट्यूबचा हीटर पंपाशिवाय, विजेशिवाय, तापलेले पाणी आपोआप वर चढते या एकाच तत्त्वावर चालतो आणि क्षारांची काळजी घेतली तर अनेक वर्षे चालतो. चालू हीटर मोडीत काढून वीज वापरून पाणी तापवणे मला पटत नाही. हीटर दुरुस्त करा, आणि पॅनेल उंच लोखंडी सांगाड्यावर घेऊन खाली टाक्यांची आणि येण्याजाण्याची जागा मोकळी ठेवा. हीटर दक्षिणेला ठेवा, म्हणजे सावली पडणार नाही.

हिशेबनीस

सांगाडा भक्कम हवा, वाऱ्याचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा, एवढी पुस्ती जोडून अनुमोदन. हीट पंप नवीन इमारतीसाठी किंवा हीटर पूर्ण बाद झाला असेल तर.

गच्चीकर

सर्वांचे मनापासून आभार. चिकित्सक यांचा प्रश्न पुरवठादाराला विचारला. चौरस मीटरमागे बारा चकत्या आहेत आणि त्यांतून किती वॅट मिळतात याचा चाचणी अहवाल त्याच्याकडे नाही. चकत्यांचा भाग आम्ही प्रस्तावातून वगळायला सांगितला आहे. पीव्हीटीच्या उरलेल्या भागाविषयी निर्णय घेण्यापूर्वी कोणती कागदपत्रे मागावीत? आणखी एक प्रश्न आहे. तळमजल्यावरचे सभासद सांगतात की सकाळी एक-दीड बादली गार पाणी सोडून दिल्यावर मग कोमट पाणी येते. याचा वरच्या हिशेबाशी संबंध आहे का?

ऊष्मा

फार जवळचा संबंध आहे. गच्चीवर ५० अंश असलेले पाणी पाच मजले उतरताना उघड्या पाइपमध्ये थंड होते. पीव्हीटीने टाकीत ४५ अंशच दिले, तर तळमजल्याला अंघोळीपुरतेही पाणी गरम मिळणार नाही आणि तिथले गीझर सुरूच राहतील. कोणतीही नवी यंत्रणा घेण्याआधी खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन करून घ्या. त्याला जागा लागत नाही.

कागदपत्रांत आयएसओ ९८०६ प्रमाणे केलेली उष्णतेची चाचणी मागा, आणि ती पॅनेलमधून वीज घेतली जात असताना केलेली असावी. वीज न घेता चाचणी केली की तीच ऊर्जा उष्णतेत दिसते आणि आकडा फुगतो. पाणी हवेपेक्षा ०, १० आणि २० अंशांनी अधिक असताना किती वॅट मिळतात, हे तीन आकडे लिहून घ्या. विजेच्या बाजूसाठी आयईसी ६१२१५ चे प्रमाणपत्र पाण्याच्या नळ्यांसह पूर्ण पॅनेलचे असावे, नुसत्या पुढच्या भागाचे नव्हे.

तांबट

आणि गरम टाकीला जाणाऱ्या गार पाण्याच्या पाइपवर एक साधा पाण्याचा मीटर बसवा. गरम बाजूला नको, तिथे साधा मीटर टिकत नाही. डिसेंबर आणि जानेवारीत रोज सकाळी दहाला वॉचमनकडून आकडा लिहून घ्या. २,००० लिटर ही बिल्डरने बसवलेली क्षमता आहे. तुमचा खरा वापर त्याहून बराच कमी निघण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसे झाले तर अर्धे हीटर काढून तीच जागा पॅनेलला देता येईल.

गच्चीकर

मीटर या रविवारी बसवून घेतो. जानेवारीअखेर आकडे इथेच देईन.